चौथी बॅटरी घेण्याआधी: खराब आरआर युनिटचा निकाल कसा लावायचा

चौदा महिन्यांत मी मोटरसायकलला तीन बॅटऱ्या घातल्या. पहिली गेली तेव्हा सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "दादा, आपल्याकडचं ऊन बघा, बॅटरी टिकणार कशी?" पटलं. दुसरी गेली तेव्हा म्हणाले, "तुम्ही गावातल्या गावात चालवता, चार्ज होत नाही." तेही पटवून घेतलं. तिसरी बॅटरी दीड महिन्याची असताना मे महिन्यात मामेभावाच्या हळदीला निघालो आणि पारोळा-धुळे रस्त्यावर मुकटीच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. आधी मीटर मिचमिचला, मग हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला, मग सगळंच बंद. दुपारचा दीड, रस्त्याकडेला सावलीला एक बाभूळ.

टेम्पोत घालून गाडी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी सीट उचलली, एका कपलरला, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाला, बोट लावलं आणि हसले. "भो, बॅटरीले काय दोष देस? तिले चार्जिंगच नही भेटी ऱ्हायनी." कपलर चॉकलेटी होऊन वितळला होता. या मॉडेलचा त्या कपलरला जोडलेला आरआर युनिट हा पार्ट जातो हे नानांना माहीत होतं, पार्टच्या दुकानदाराला माहीत होतं आणि सर्व्हिस सेंटरमधल्या पोरालाही माहीत होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या एकाही जॉब कार्डावर मात्र त्याचं नाव नव्हतं, सगळीकडे फक्त 'बॅटरी बदलली'.

तुमची गाडी कुठल्याही कंपनीची असो, हा लेख त्या एका पार्टबद्दल आहे: रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजेच आरआर युनिट. इंजिनातल्या मॅग्नेट कॉइलमधून एसी करंट येतो. हे युनिट त्याचा डीसी करतं आणि जास्तीचा दाब (व्होल्टेज) अडवून बॅटरीला झेपेल तेवढाच पुढे सोडतं. उष्णता जायला पंखांसारख्या पट्ट्या असलेली ॲल्युमिनियमची डबी असते, हाताच्या पंजात मावेल एवढी.

लागणारं सामान

डिजिटल मल्टीमीटर. मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून साधासा घेतला, घरकामाला तो पुरतो. त्यात डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम आणि डायोड एवढं असलं की झालं. शिवाय १० नंबरचा पाना, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि एक वही. वही विसरू नका. पुढच्या भांडणात मल्टीमीटरपेक्षा तीच जास्त कामाला येते.

१. लक्षणं ओळखा

युनिट दोन तऱ्हेनं मरतं. एक, चार्जिंग कमी पडतं: सकाळी सेल्फ कुंथतो, इंडिकेटर लावला की मीटर मंद होतो, लांबच्या प्रवासात गाडी हळूहळू निर्जीव होते. दोन, दाब अडवणंच बंद होतं: हेडलाइटचा बल्ब पुन्हा पुन्हा उडतो, रेस केल्यावर लाइट भगभगतो, बॅटरी कुशीतून फुगते. हा दुसरा प्रकार वाईट. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्यात ईसीयूही, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि तो या युनिटच्या कितीतरी पट महाग.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला किक होती, बॅटरी मेली तरी बहुतेक वेळा घरी पोहोचता यायचं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवर. म्हणून आधी जो दोष नुसता त्रासाचा होता, तो आता वाटेत उभं करतो.

२. बॅटरी तपासा

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन्ही टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या आसपास चालेल. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून आणा, कारण रिकाम्या बॅटरीवर पुढचं कुठलंच माप खरं येत नाही. मग सेल्फ मारताना आकडा बघा. १० च्या खाली कोसळला तर बॅटरीसुद्धा थकली आहे.

बॅटरी चार्ज करून दोन दिवस उभी ठेवली तरी १२.६ च्या आसपास राहते, पण गाडीत घालून फिरवली की उतरते, असं असेल तर तिला दोष देऊ नका.

३. चार्जिंग मोजा, तेही गाडी तापल्यावर

गाडी चालू करा. मीटरचे प्रोब (वायरींची टोकं) बॅटरीवरच ठेवा. आयडलला, म्हणजे रेस न देता, १३ च्या वर आणि ४,००० आरपीएमच्या आसपास १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. रेस वाढवूनही १३ च्या खालीच रेंगाळत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर लगेच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत ती गाडी चालवू नका. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

मी इथंच फसलो होतो. सर्व्हिस सेंटरला सकाळी दहाला गाडी दिली, त्यांनी शेडमध्ये थंड गाडीवर मोजलं, १४.१ आलं, "एकदम ओके आहे" म्हणून परत दिली. अर्धमेलं युनिट थंडपणी शहाण्यासारखं वागतं. आतली सर्किटं तापली की त्याचं खरं रूप दिसतं. म्हणून तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवा, दुपारीच, आणि इंजिन बंद न करता लगेच मोजा. माझ्या गाडीचं माप घरून निघताना १४.१ होतं, अमळनेरहून चोपड्याला पोहोचल्यावर १२.३. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात इंजिनाच्या मागे, सीटखाली, वारा न लागणाऱ्या जागी बसवलेल्या डबीला काय वाटत असेल, विचार करा.

दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा, मीटरचा आकडा आणि गाडीची नंबर प्लेट एका फ्रेममध्ये येईल असा व्हिडिओ काढा.

आणि एक जुनी खोड सोडा. पूर्वीचे मेकॅनिक चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघायचे, बंद पडली नाही तर "चार्जिंग चांगलं". इंजेक्शनच्या गाडीवर हे कुणालाही करू देऊ नका. बॅटरी काढली की दाबाचे झटके थेट ईसीयूवर जातात. समोरचा माणूस कितीही अनुभवी असो, हात धरा.

४. कपलर उघडा

गाडी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढलेली. आता युनिटचे कपलर ओढून बघा, एक कॉइलकडून येणारा, एक बॅटरीकडे जाणारा. काही गाड्यांत दोन्ही एकच असतात. पिन काळी, प्लास्टिक चॉकलेटी, वायरीचं कव्हर कडक झालेलं, यातलं काहीही दिसलं तर दोषाचं मूळ तिथंच असू शकतं. पिन सैल होते, सैल जागी अडथळा वाढतो, अडथळ्यानं उष्णता, उष्णतेनं पिन आणखी सैल. या चक्रात चांगलं युनिटही मरतं.

कपलर दिसायला ठीक असला तरी एक माप घ्या. निगेटिव्ह वायर परत लावून गाडी चालू करा, ४,००० आरपीएमला एक प्रोब युनिटच्या लाल वायरीवर मागून टोचा आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वाटेतच व्होल्टेज खाल्लं जातंय. असंच निगेटिव्हच्या बाजूनेही करा. कित्येकदा नवं युनिट घालूनही गाडी बरी होत नाही ती याच कारणानं: जुना जळका कपलर तसाच राहिलेला असतो.

५. कॉइल की युनिट?

युनिट मागण्याआधी कॉइल निर्दोष आहे हे सिद्ध करा, नाहीतर काउंटरवर तुमचा चेंडू इकडून तिकडे टोलवला जातो. कॉइलकडून बहुतेक गाड्यांत तीन पिवळ्या वायरी येतात. छोट्या गाड्यांत कमी असतात, रंगही बदलतात.

कपलर काढलेल्या अवस्थेत दोन-दोन वायरींत ओहम मोजा. तिन्ही जोड्यांत माप सारखं आणि अगदी कमी, एक ओहमच्या आतबाहेर, यायला हवं. मग प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनाची बॉडी: इथं काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर कॉइल बॉडीला लागली. मग गाडी चालू करून एसी व्होल्टवर दोन-दोन वायरी मोजा. आकडा रेसबरोबर चढत जातो. तो किती आला यापेक्षा तिन्ही जोड्यांत सारखा आला का, हे महत्त्वाचं. हात लावू नका, रेस केल्यावर ५० व्होल्टच्या वर सहज जातं.

आता युनिट. मीटर डायोडवर. काळा प्रोब युनिटच्या लाल वायरीवर, लाल प्रोब आळीपाळीनं तिन्ही पिवळ्यांवर: ०.४ ते ०.६ दिसावं. प्रोब उलटे केले की काहीच नाही. मग लाल प्रोब युनिटच्या निगेटिव्ह वायरीवर आणि काळा पिवळ्यांवर, तेच. एखाद्या वायरीवर शून्य किंवा दोन्ही बाजूंनी जोड दिसला तर युनिट गेलं. पण सगळं ठीक दिसलं म्हणून युनिट ठीक, असं उलटं धरू नका. ही चाचणी फक्त डायोड, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, बघते, दाब अडवणारा भाग बघत नाही. त्याची परीक्षा तापलेल्या गाडीवरच.

६. दोष 'माहितीतला' आहे का, ते शोधा

पहिली जागा: कंपनीची वेबसाइट. बऱ्याच कंपन्यांकडे चासी नंबर टाकून रिकॉल (दोषामुळे गाड्या परत बोलावणं) किंवा सर्व्हिस कॅम्पेन बघता येतं. चासी नंबर सतरा अक्षरांचा, आरसीवर आणि हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. नसलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून लेखी विचारा. फोनवरचं उत्तर हवेत जातं.

दुसरी जागा, आणि ही मला उशिरा कळली: स्पेअर पार्टचं काउंटर. तिथं शांतपणे विचारा, "या युनिटचा पार्ट नंबर बदललाय का?" कंपनीनं डिझाइन सुधारलं की जुन्या नंबरच्या जागी नवा नंबर येतो. काउंटरवाल्याच्या कॉम्प्युटरवर जुन्याच्या जागी नवा स्पष्ट दिसतो. एकाच डबीचा नंबर दोनदा बदललेला दिसला तर कंपनीला काहीतरी कळलेलं आहे असं समजा. दोन्ही नंबर वहीत घ्या. नवं युनिट घेताना डबीवरचा नंबर वाचूनच घ्या, कारण जुना माल संपवायची घाई सगळ्यांनाच असते. जुन्याच डिझाइनचं नवं युनिट घातलं तर पुढच्या उन्हाळ्यात परत हाच लेख वाचावा लागेल.

तिसरी: "सगळ्यांच्या गाडीला असंच होतं हो." हे वाक्य सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्हाला गप्प करायला म्हणतात. तुम्ही खूश व्हा. सगळ्यांच्या गाडीला होत असेल तर चूक तुमच्या चालवण्यात नाही, बनावटीत आहे. "एवढंच जॉब कार्डावर लिहून द्या" म्हणा. लिहून देणार नाहीत, पण आवाज खाली येतो.

७. सर्व्हिस सेंटरला जाताना

सोबत न्यायची कागदं:

- आरसी, डिजीलॉकरमधली चालते
- गाडीचं मूळ बिल आणि वॉरंटीची पुस्तिका
- आजवरच्या सगळ्या सर्व्हिसची बिलं, जॉब कार्डं
- बदललेल्या बॅटऱ्यांची बिलं आणि वॉरंटी कार्डं
- तुमची वही, व्हिडिओ

वॉरंटी पुस्तिकेची मागची पानं आधी वाचा. बॅटरीची वॉरंटी अनेकदा वेगळी, बॅटरीच्या कंपनीची असते. आरआर युनिट मात्र गाडीच्या वॉरंटीत येतं का ते तपासा. दावा नाकारायला सर्वांत सोपी दोन कारणं: एखादी सर्व्हिस वेळेवर झाली नाही, आणि बाहेरून वायर कापून फॉग लाइट किंवा मोठा हॉर्न लावलाय. फॉग लाइट असतील तर नेण्याआधी नीट काढून घ्या, आणि खोटं बोलू नका. कापलेली वायर त्यांना दिसतेच.

जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'बॅटरी प्रॉब्लेम' नको. लिहायचं असं: 'चाळीस किमी चालवल्यानंतर गरम गाडीवर चार्जिंग व्होल्टेज १२.३. बॅटरी चौदा महिन्यांत तीन वेळा बदलली. आरआर युनिट आणि कपलर गरम स्थितीत तपासावे.' ॲडव्हायझर म्हणेल सिस्टिममध्ये एवढं टाइप होत नाही. होतं. नसेल होत तर छापील कार्डावर हातानं लिहा, त्याची सही घ्या, फोटो काढा. तपासताना तिथं थांबायची परवानगी मागा, किमान टेस्ट राइडनंतरच मोजायला लावा. पैसे तुम्ही भरणार असाल तर काढलेला जुना पार्ट परत मागा. वॉरंटीत बदलला तर ते ठेवून घेतात, मग त्याचा आणि जळक्या कपलरचा फोटो.

माझं युनिट आणि कपलर शेवटी फुकट बदलून मिळाले, तिसऱ्या बॅटरीचे पैसेही. पहिल्या दोन बॅटऱ्यांवर पाणी सोडलं, कारण एकीचं बिल हरवलं होतं आणि दुसरीच्या कार्डावर माझ्याच सहीनं 'समाधानी' असं लिहिलेलं होतं. घाईत सही करू नका.

८. नकार मिळाला तर

आधी कंपनीला ईमेल, डीलरला प्रत. तारखा, आकडे, फोटो, आणि काय हवंय ते एका ओळीत. पंधरा दिवस द्या.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते. माझं काम याच पायरीवर झालं. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते, पण सर्व्हिस सेंटरचा फोन न उचलणारा माणूस त्यानंतर स्वतः फोन करतो हे खरं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे आपल्या बहुतेक मोटरसायकली त्यात बसतात. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. आधी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा आणि पावती जपा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावावा असं आहे, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवूनच जा.

वेगळा एक दरवाजा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं: दोष सुरक्षेला धोकादायक असेल आणि पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. नुसत्या या तक्रारीनं तुमचे पैसे परत येत नाहीत. पण हायवेवर रात्री हेडलाइटसकट गाडी बंद पडणं हा सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि मोजणीत तुमचा एक आकडा पडला पाहिजे. दहा मिनिटं लागतात.

९. नवं युनिट बसवताना

वॉरंटी संपली असेल आणि खर्च तुमचाच असेल तर काम तरी नीट करून घ्या. युनिट जिथं टेकतं ती जागा घासून स्वच्छ, मागे हीट सिंक कंपाउंडचा (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा) पातळ थर, बोल्ट घट्ट. कपलर नवा. पिनांवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस.

तापीकाठच्या काळ्या मातीतून पावसाळ्यात फिरता ना? ती माती डबीच्या पंखांत बसते आणि वाळली की सिमेंट होते. वारा लागायची जागाच बुजते. दर धुण्याला ब्रशनं काढा. काही जण पाणी जाऊ नये म्हणून युनिटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात. उन्हाळ्यात गोधडी पांघरवल्यासारखं आहे ते.

अजून एक समज काढून टाका. "लाइटचा लोड कमी केला की युनिटला आराम." बऱ्याच गाड्यांत शंट प्रकारचं युनिट असतं. ते जास्तीचा करंट परत कॉइलकडे शॉर्ट करून जिरवतं. तुम्ही वापर कमी केला की जिरवायचं वाढतं आणि डबी जास्त तापते. म्हणून हौसेनं सगळीकडे एलईडी लावून हायवेवर तासन्‌तास रेस ठेवणाऱ्याचं युनिट आधी जातं, हे उलटं वाटलं तरी तसंच आहे. मॉस्फेट (वेगळ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) प्रकारचं युनिट त्याच कामात कमी तापतं. तुमच्या कॉइलला आणि कपलरला जुळणारं मिळत असेल तर वॉरंटीबाहेरच्या गाडीला ते बसवणं मला पटतं. वॉरंटीत असेपर्यंत मात्र कंपनीचंच.

बसवल्यावर त्याच दिवशी गरम गाडीवर माप, मग महिन्यानं, मग दर एप्रिलमध्ये. मी सीटखाली कागद चिकटवून ठेवलाय, त्यावर तारीख आणि आकडा.

१०. तरीही वाटेत थांबलीच तर

चैत्रात सप्तशृंगीला जाताना किंवा कन्नड घाटात मध्येच मीटर मंद झाला तर इंजिन बंद करू नका. बंद केलंत तर परत चालू होणार नाही. हॉर्न, इंडिकेटर, मोबाइल चार्जर सगळं सोडा आणि वस्ती गाठा.

बंद पडलीच तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंप देता येतो, कारची किंवा ट्रॅक्टरची चालते. देणाऱ्याचं इंजिन बंदच ठेवा. आधी पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, मग निगेटिव्हची वायर तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. चालू झाली की उलट्या क्रमानं काढा. चार्जिंगच नसल्यानं यावर फार लांब जाता येत नाही, जवळचं गाव गाठा. रावेर-यावलच्या बाजूला असाल तर केळीची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर थोड्या वेळात येतोच. हात दाखवा. जंपर केबल मात्र तुमच्याजवळ हवी, त्याच्याकडे नसते.